वीतभर उंचीच्या सहा खुर्च्या

खुर्ची बसायला असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मंत्री जवळून पाहिलेला नाही. मिस्त्रींनी पाहिले. दोन पाहिले, तेही एकाच दिवशी, एकाच टेबलाला, आणि त्या दिवसापासून खुर्ची म्हटलं की मिस्त्रींना आधी हसू येतं आणि मग घाम फुटतो.

हे मिस्त्री म्हणजे नदीकाठच्या गल्लीतले सुतार. वय अठ्ठावन्न, कानामागे पेन्सिल, भुवयांवर कायम भुसा. दुकान लहान, पण हात असा की त्यांनी बसवलेलं दार फुंकर मारली तरी मिटायचं. लोक मुद्दाम फुंकर मारायला यायचे. आत दोन बाक. एकावर मिस्त्री, दुसऱ्यावर त्यांची लेक. लेकीला घरात चिमणी म्हणत. आता ही चिमणी सहा फुटाला दोन बोटं कमी, खांद्यावर अख्खी फळी टाकून गल्लीतून चालली की समोरून येणारी सायकल आपणहून उतरायची. पण जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून चिमणी, आणि एकदा चिकटलेलं नाव पटाशीनं खरवडलं तरी निघत नाही.

तर या चिमणीला चिठ्ठी आली. खाकी पाकीट, वर शिक्का. पंधरा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी सकाळी आठ वाजता भरती केंद्रावर हजर व्हावे, सोबत दोन जोडी मोजे आणावेत.

"मोजे आपण आणायचे?" चिमणीची आई म्हणाली. "पोरगी आम्ही द्यायची आणि मोजेही आम्हीच? मग सरकार काय देणार, उपदेश?"

मिस्त्री नुसता रंधा मारत राहिले. मारता मारता दोन इंचाची फळी अर्ध्या इंचाची झाली तेव्हा लेकीनं त्यांच्या हातातून रंधा काढून घेतला.

लढाईचं कारण काय, तर नदीच्या मधोमध एक बेट. बेट म्हणजे काय, एक झाड आणि अकरा बकऱ्या. पूर आला की झाड तेवढं दिसायचं आणि बकऱ्या झाडावर. पलीकडचं सरकार म्हणे आमचं, अलीकडचं म्हणे आमचं. बकऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही काठांवर तोफा येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या नळ्यांत कबुतरांनी अंडी घालायला सुरुवात केली होती, इतके दिवस नुसत्या उभ्या.

इतके दिवस लढाई अडली ती चार म्हाताऱ्यांमुळे. देवळातले पुजारीबुवा, मशिदीतले मौलवीसाहेब, मठातल्या मोठ्या सिस्टर आणि विहारातले भंतेजी. चौघांचं वय मिळवलं तर तीनशेच्या वर जाईल. या चौघांनी मिळून, एकाच कागदावर सह्या करून सांगून टाकलं होतं की दोन्ही काठांवरच्या एकाही बंदुकीला, तोफेला, रणगाड्याला आमच्याकडून आशीर्वाद मिळणार नाही. तोफ आणायचीच असेल तर आणा, आम्ही तिच्यात माती भरून फुलझाड लावू. आणि बोलून थांबतात कसले! एक तोफ खरंच आली आशीर्वादाला. सिस्टरनी तिच्यात झेंडू लावले. सेनापतींनी तक्रार केली, तर सिस्टर म्हणाल्या, पाणी रोज घालायला सांगा, नाहीतर माना टाकतील.

आता शिपाई काय, आयांची लेकरं. आशीर्वाद नाही म्हटल्यावर त्यांचे पाय जड झाले. शेवटी दोन्हीकडचे संरक्षणमंत्री, या चौघांना मध्ये बसवून, त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी पुलाजवळच्या नगर सभागृहात भेटायला तयार झाले. शेवटची बैठक. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी तोफा सुरू.

आणि इथे खुर्च्या आल्या. याआधी एकदा अशीच बैठक राजधानीत भरली होती आणि सात मिनिटांत मोडली होती. का? तर एका मंत्र्याची खुर्ची दुसऱ्यापेक्षा दोन बोटं उंच होती. म्हणून या वेळी चौघांनी लेखी शब्द दिला होता: टेबलाला सहा खुर्च्या, सहाही तंतोतंत सारख्या. एका केसाचाही फरक आढळला तर कुणीही उठून जाऊ शकतो.

खुर्च्यांचं काम मिस्त्रींकडे आलं.

"सारख्या म्हणजे सारख्या," मौलवीसाहेबांनी बजावलं होतं. "मिस्त्री, तुमच्या हातात शांतता आहे असं समजा."

मिस्त्रींना ते पटलं. सोमवारी आठ वाजता लेक कुठे असेल, ते या खुर्च्या ठरवणार होत्या. बाप-लेकीनं मान वर न करता आठ दिवस काम केलं. बुधवारी दुपारी सहा खुर्च्या ओळीत उभ्या. बैठक अठरा इंच, पाय सरळ, पाठ जराशी कललेली. बसायच्या जागाही ठरलेल्या होत्या, म्हणून प्रत्येकीच्या पोटाखाली पेन्सिलीनं खूण: बुवा, मौलवी, सिस्टर, भंते, आपले मंत्री, त्यांचे मंत्री. मिस्त्रींनी सहाही खुर्च्यांवर आडवी फळी ठेवली, फळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब हलला नाही.

"झालं," मिस्त्री म्हणाले. आणि तिथेच चुकले.

तासाभरात पुजारीबुवा आले. एकटे. आल्या आल्या दाराआडून गल्लीत डोकावले, कुणी पाहत नाही ना याची खात्री केली, आणि खुर्चीत बसून बघितलं.

"मिस्त्री, अप्रतिम. पण एक खासगी सांगू? माझी खुर्ची बोटभर कमी करा."

"बुवा! सारख्या हव्यात ना?"

"अहो, सारख्याच हव्यात. मंत्र्यांच्या. ते भांडतात. आमच्यात कसलं आलंय उंच-नीच? पण बाकी तिघं माझ्याहून मोठी माणसं. मौलवीसाहेब केवढे विद्वान, सिस्टरनी चाळीस वर्षं शाळा चालवली, भंतेजींचं तर बोलायलाच नको. त्यांच्या बरोबरीनं बसायचं मला जमायचं नाही. एकच बोट. आणि कुणाला सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

आता देवळातला म्हातारा माणूस हात जोडून काही मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मिस्त्रींनी बुवांच्या खुर्चीचे चारी पाय बोटभर कापले. बुवा गेले.

गुरुवारी सकाळी मौलवीसाहेब आले. एकटेच. ओळीवरून नुसती नजर फिरवली आणि थबकले. त्यांची नजर म्हणजे गवंड्याचा ओळंबा.

"ही कुणाची?"

"बुवांची," मिस्त्री पुटपुटले.

"वाटलंच! हा माणूस नेहमी असंच करतो! रक्तदानाच्या वेळी आम्ही सगळे पुढच्या रांगेत, आणि हा मागे, चपलांपाशी जाऊन बसला. आम्ही पुढे बसून मूर्ख दिसलो." मौलवीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "माझी दोन बोटं कमी करा."

"साहेब, पण..."

"मिस्त्री, बुवा माझ्यापेक्षा खाली बसणार आणि मी वर बसून बघत राहणार? उद्या वर जाऊन काय जबाब देऊ? दोन बोटं. आणि हे आपल्यातच राहू द्या."

दुपारी सिस्टर आल्या. त्यांनी काही विचारलंच नाही. पट्टी सोबत आणली होती, लाकडी, शाळेतली. दोन खुर्च्या मोजल्या, चष्मा वर केला, म्हणाल्या, "हं. पोरकटपणा." मिस्त्रींना हायसं वाटलं. चला, एक तरी शहाणं माणूस आहे. मग सिस्टर म्हणाल्या, "माझी चार बोटं कापा. म्हणजे या दोघांना धडा मिळेल."

संध्याकाळ व्हायच्या आत भंतेजी आले. ते बोलतच नाहीत फारसे. आले, हसले, जमिनीवर बसले आणि जमिनीपासून हाताची वीत धरून दाखवली.

"एवढी?" मिस्त्रींचा आवाज चिरकला. "भंतेजी, ही खुर्ची राहणार नाही. हा पाट होईल."

भंतेजी पुन्हा हसले. माणूस भांडला तर त्याच्याशी भांडता येतं. नुसतं हसणाऱ्याचं काय करायचं? मिस्त्रींनी पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या काढल्या आणि करवत घेतली.

चिमणी घरून चहा घेऊन आली आणि ओळीकडे बघत उभी राहिली. दोन खुर्च्या उंच, मग एक बोटभर खाली, मग दोन, मग चार, मग एकदम वीतभरच उरलेली.

"बाबा, ही खुर्च्यांची ऑर्डर होती ना? तुम्ही जिना केलाय."

"मी नाही केला! त्यांनी केला! एकेक येतो, कानात सांगतो आणि जातो!"

"मग त्यांना सांगायचं ना, दुसराही येऊन गेला म्हणून."

"सांगू नका म्हणाले."

"बाबा," चिमणी खाली बसली, चक्क भंतेजींच्या खुर्चीत. गुडघे हनुवटीला टेकले. "सोमवारी मला तिथे विचारलं ना, तू इथे कशी आलीस, तर मी काय सांगू? की माझ्या बापाला नाही म्हणता येत नाही?"

हे तिनं हसत म्हटलं. पण मिस्त्रींच्या हातातला चहा तसाच गार झाला.

शुक्रवारी सकाळी चौघं एकत्र आले, शेवटची पाहणी करायला. पाचच्या आत खुर्च्या सभागृहात पोचवायच्या होत्या, नंतर पहारेकरी दारांना सील लावणार होते. मिस्त्रींनी वरची चादर ओढली. जिना दिसला.

बुवांनी मौलवीसाहेबांकडे पाहिलं, मौलवीसाहेबांनी छताकडे. सिस्टरनी पट्टी पाठीमागे लपवली. भंतेजीसुद्धा हसले नाहीत.

"तुम्ही पण?" बुवा म्हणाले.

"सुरुवात कुणी केली?" मौलवीसाहेब म्हणाले.

"मी एकच बोट!"

"एक बोट, शंभर बोटं, सुरुवात ती सुरुवात!"

"पुरे!" सिस्टर म्हणाल्या, आणि दुकानातली करवतसुद्धा गप्प झाली असती. "आपण दोन सरकारांना सांगायला निघालोय की वर-खाली बघू नका. आणि स्वतः काय केलं? उलट्या बाजूनं तेच. ते वर चढायला भांडतात, आपण खाली उतरायला."

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मौलवीसाहेबांनी आपला रुमाल पुढे केला, बुवा म्हणाले आधी तुम्ही पुसा, आणि सिस्टरनी दोघांकडे अशा नजरेनं पाहिलं की रुमाल खिशात परत गेला.

"मिस्त्री, कापलेले तुकडे परत जोडता येतील?"

"येतील. पण सरस वाळायला दिवस लागतो. आणि शब्द एका केसाचा आहे. तुम्ही बसल्यावर एखादा जोड केसभर जरी दबला, तर..."

"तर तोफ," चिमणी बाकावरून म्हणाली.

"लाकूड कापून कमी होतं, ओढून वाढत नाही," मिस्त्री म्हणाले. "सारख्या करायच्या तर एकच रस्ता उरतो." आणि त्यांनी भंतेजींच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"सगळ्या?" बुवा म्हणाले. "मंत्र्यांच्यासुद्धा?"

"सारख्या म्हणून लेखी शब्द दिलाय," सिस्टर म्हणाल्या. "उंच म्हणून नाही दिलेला. कापा."

मिस्त्रींना शनिवार दिसायला लागला. मंत्र्यांना पाटावर बसवायचं! ते आत येतील, बघतील, पाय आपटतील, निघून जातील. ही बैठक सात मिनिटंसुद्धा चालायची नाही. आणि मग सोमवार. पण दुसरा इलाज नव्हता. बाप-लेक कापत सुटले. शेवटी सहा खुर्च्यांवर फळी ठेवली, फळीवर पेला. थेंब हलला नाही. मिस्त्रींना एवढं नेमकं काम केल्याचं एवढं दुःख कधी झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला बैठक. सभागृहातलं टेबल लोखंडी पायांचं, जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलेलं, नेहमीच्या उंचीचं. ते काही कापता येत नव्हतं. नियम असा की आत फक्त सहा जण, दारं आतून बंद, बाहेर अधिकारी आणि फोटोवाले. सातवे मिस्त्री. खुर्चीवरून वाद झाला तर मोजून द्यायला, म्हणून दाराजवळ हत्यारांची पिशवी घेऊन उभे. चिमणी आणि तिची आई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. आईनं मोजे आणले होते, विणायला घेतलेले. विणून होऊ नयेत म्हणून दोन ओळी विणायची आणि दोन उसवायची.

आपले मंत्री आले. मिशीवाले, रुंद, छातीवर रंगीत फिती. पलीकडचे आले. चष्मेवाले, गोल, काखेत जाडजूड फाईल. दोघांनीही खुर्च्या पाहिल्या आणि दोघांचेही चेहरे लाल झाले.

"हे काय आहे?" मिशीवाले गरजले.

"खुर्च्या," सिस्टर म्हणाल्या. "तंतोतंत सारख्या."

मिशीवाल्यांनी आपल्या अधिकाऱ्याला बोलावलं. टेपनं मोजलं. चष्मेवाल्यांनी आपल्याकडच्याला बोलावलं. त्यानंही मोजलं. केसाचा फरक नाही. अधिकारी बाहेर गेले, दारं बंद झाली. तक्रार करायला जागाच नाही! दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी कोण बसतो? चौघं म्हातारे तर अलगद जाऊन बसलेसुद्धा. आयुष्य जमिनीवर बसण्यात, गुडघे टेकण्यात गेलेलं, त्यांना काय. मंत्र्यांनी मनात एक-दोन-तीन म्हटलं असावं, कारण दोघं एकदमच बसले.

धप्प.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा टेबलाच्या कडेनं सहा डोकी मांडलेली दिसली. बाजारात भोपळे मांडतात तशी. मानेखाली काहीच नाही. दोन भोपळ्यांना मात्र घाम आला होता.

मिशीवाल्यांनी घसा साफ केला. भाषण पाठ होतं. पहिल्या वाक्याला टेबलावर मूठ आपटायची होती. पण टेबल गळ्याशी! मूठ आपटायला हात आधी डोक्यावर न्यावा लागला. हात वर गेला, सरळ, कोपरातून ताठ.

आणि सिस्टर सवयीनं म्हणून गेल्या, "हं, बोल बाळ."

चाळीस वर्षं शाळेत काढलेली बाई. वर गेलेला हात दिसला की तोंडातून तेच निघायचं. त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा उशीर झाला होता. मिशीवाल्यांचा हात हवेतच राहिला. आणि तोंडातून काय निघावं?

"सिस्टर, यांनी आधी सुरुवात केली."

"खोटं!" चष्मेवाल्यांचा हात वर. "सिस्टर, आमचा माणूस बेटावर नुसता उतरला होता, यांनी आधी झेंडा लावला."

"झेंडा नव्हता तो, माझ्या शिपायाचा सदरा वाळत घातला होता!"

"एकेक जण," सिस्टर म्हणाल्या. "आणि हात खाली."

हात खाली गेले. मग दोघांना भान आलं की आपण मंत्री आहोत. मिशीवाल्यांची मिशी थरथरली.

"हा अपमान आहे! मी या बैठकीतून उठून जातो!"

अहो, खरं तर तेच ठरवून आले होते ते. दोघंही. बारा वाजायच्या आत पाय आपटत बाहेर पडायचं, फोटोवाल्यांसमोर फाईल फडकवायची आणि समोरच्यावर ढकलायचं. भाषणाच्या कागदावर शेवटी लिहिलंही होतं, उठून जाणे. मिशीवाले म्हणाले, उठून जातो. आणि बसून राहिले.

"जातो म्हणजे जातोच!" पुन्हा म्हणाले. पुढे झुकले, मागे झुकले. टेबलाखाली गुडघे टेबलाच्या लोखंडी पायाला ठकठक लागले. शंभर किलो, वीतभर उंची, पायाला मुंग्या. माणूस जागचा हलेना.

"मग मीच जातो!" चष्मेवाले म्हणाले. त्यांनीही एकदा हिसका दिला. चष्मा तेवढा नाकावरून उठला आणि परत बसला.

मिशीवाल्यांनी मान वळवली. "मिस्त्री! इकडे या. हात द्या."

आता बघा. साठी जवळ आलेला साधा सुतार, आयुष्यात कुणाला नाही म्हणाला नाही. त्याला खुद्द संरक्षणमंत्री हाक मारतोय. मिस्त्रींचा पाय सवयीनं पुढे पडलाच. आणि त्यांना दिसलं की या एका हातानं हा माणूस उभा राहील, दार उघडेल, बाहेर पडेल, आणि सोमवारी आठ वाजतील. पाय मागे आला.

"साहेब, माफ करा," मिस्त्री म्हणाले. "मला खुर्चीपुरतंच आत घेतलंय. माणसाला हात लावायची परवानगी नाही."

"मी परवानगी देतो!"

"लेखी लागेल. दोन्ही सरकारांची."

चष्मेवाल्यांना हसू फुटलं. मिशीवाल्यांनी रागानं बुवांकडे पाहिलं. बुवांचे डोळे मिटलेले. मौलवीसाहेबांचेही. सिस्टर खाली मान घालून हात जोडून बसलेल्या. भंतेजी तर केव्हाचे ध्यानात. चौघांनाही नेमकी त्याच घडीला प्रार्थना आठवली होती, आणि प्रार्थनेत असलेल्या माणसाला हलवायचं कसं? भंतेजींचा डावा डोळा किंचित उघडा होता, असं मिस्त्री शपथेवर सांगतात.

"तुमच्या गुडघ्याला काय झालंय?" थोड्या वेळानं चष्मेवाले हळूच म्हणाले.

"काही नाही." मिशीवाले फुरंगटले. मग म्हणाले, "वंगण संपलंय म्हणे. जिना चढताना आवाज येतो."

"माझा उतरताना येतो."

"उतरताना? मग तुमचा वेगळा. शेक घेता का?"

"बायको म्हणते घ्या. वेळ कुठे? ही लढाई."

"तेच की. तीन महिने डॉक्टरांकडे जायचं राहिलंय."

अशी गाडी सुरू झाली. बारा वाजले, एक वाजला. बाहेरचे अधिकारी दाराला कान लावून बसले. त्यांना वाटलं, आत जोरदार वाटाघाटी चालल्यात. आत मंत्री एकमेकांना कुठलं तेल चांगलं ते सांगत होते. तेलावरून पाठदुखी, पाठदुखीवरून झोप, झोपेवरून दोन्हीकडचे सेनापती, जे दोघांनाही पहाटे चारला फोन करायचे. मिशीवाल्यांचा भाचा एका तोफेवर होता. चष्मेवाल्यांची नात नर्स म्हणून चालली होती. हे दोघंही घराबाहेर कुठे बोलले नव्हते.

"त्या बेटावर आहे तरी काय हो?" शेवटी चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही. तुम्ही?"

"मीही नाही. बकऱ्या आहेत म्हणे."

"किती?"

"अकरा."

बुवांचे खांदे गदगदायला लागले, ते प्रार्थनेनं की हसण्यानं, कोण सांगणार.

तीनच्या सुमाराला चष्मेवाल्यांनी फाईल उघडली, एक कोरा कागद काढला आणि भोपळ्याच्या उंचीवर धरून लिहायला लागले. बेट बकऱ्यांकडे राहील. दोन्हीकडच्या तोफा महिनाभरात मागे जातील. भरतीच्या चिठ्ठ्या रद्द. मिशीवाल्यांनी एका ओळीवर हरकत घेतली, चष्मेवाल्यांनी ती खोडली. दुसरीवर चष्मेवाल्यांनी स्वतःच हरकत घेतली. दोघांच्या सह्या हात उंच करून झाल्या, म्हणून जरा वाकड्या आहेत.

"आता उठायचं कसं?" मिशीवाले म्हणाले.

दोघांनी टेबलावरून हात पुढे केले, एकमेकांची मनगटं धरली आणि ओढलं. एकानं जोर केला तर दुसरा पुढे पडायचा. दुसऱ्यानं केला तर पहिला. दोनदा परत धप्प. "एकदम," चष्मेवाले म्हणाले. एकदम ओढलं तेव्हा दोघं कण्हत, धापा टाकत, इंच इंच वर आले. नेमकं तेव्हाच मिस्त्रींनी दार उघडलं. फोटो सगळ्या पेपरांत आला. दोन मंत्री, हातात हात, डोळ्यांत पाणी. खाली लिहिलं होतं, भावनांना आवर घालणे कठीण झाले. पाणी मुंग्यांचं होतं, पण छापलं म्हणजे खरं.

रविवारी दुकानात चौघंही येऊन गेले. एकेकटे, कुणी पाहत नाही असं बघून. बुवा म्हणाले, सगळं मौलवीसाहेबांचं डोकं, माझं नाव कुठे घेऊ नका. मौलवीसाहेब म्हणाले, सिस्टरच खऱ्या. सिस्टर म्हणाल्या, भंतेजींनी वीत दाखवली नसती तर? भंतेजी आले, हसले आणि मिस्त्रींकडे बोट दाखवून निघून गेले. मिस्त्रींनी या वेळी कुणाचंच ऐकलं नाही. विचारील त्याला चौघांचीही नावं सांगून टाकली.

भरती रद्द झाल्याचं रेडिओवर सांगितलं होतं. पण चिमणीच्या आईचा रेडिओवर विश्वास नव्हता. सोमवारी आठला तिघं भरती केंद्रावर गेली. फाटकाला कुलूप. आत एक कारकून पेपर वाचत बसलेला.

"घरी जा," तो म्हणाला. "रद्द झालं."

"लिहून द्या," आई म्हणाली.

"अहो बाई, पेपरात आलंय."

"पेपरात तर मंत्री रडल्याचंही आलंय. शिक्का मारून द्या."

कारकुनानं कपाळाला हात लावला, चिठ्ठीवर रद्द असं लिहिलं आणि शिक्का मारला. आईनं तो उजेडात धरून पाहिला, फुंकर मारून वाळवला आणि मगच फाटक सोडलं.

परत येताना चिमणी पुढे चालत होती, लांब ढांगा टाकत. मिस्त्रींना तिला काहीतरी सांगायचं होतं. शनिवारपासून सांगायचं होतं.

"साडेआठ होऊन गेले," ते म्हणाले. "शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचं कपाट आज द्यायचंय. रोज असा उशीर केलास तर मी दुसरं कुणीतरी बघेन."

"बघा ना," चिमणी मागे न वळता म्हणाली. "सहा फूट उंच, फळी एकटी उचलणारी, फुकट काम करणारी. मिळाली तर मलाही सांगा."

भुवयांवरचा भुसा झटकायला म्हणून मिस्त्रींनी हात वर नेला. भुसा तर नव्हताच, सकाळी आंघोळ करून निघाले होते. पण डोळे पुसून झाले.